सकाळच्या बातम्या सांगणारा माणूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवरचे सकाळचे बातम्यांचे कार्यक्रम म्हणजे चहाबरोबरचा टाइमपास, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात होता. मला तो मुळीच पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर इंग्लंडला आले आणि मँचेस्टरजवळच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बरीच वर्षं नोकरी केली. इथल्या सरकारी आरोग्यसेवेतले फॅमिली डॉक्टर, म्हणजे ‘जीपी’, अशा दवाखान्यांत बसतात. सकाळी आठला फोन सुरू होतात आणि त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट बघता बघता संपतात. आमच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर त्या वेळी ‘बीबीसी ब्रेकफास्ट’ लागलेलं असायचं, आवाज बंद आणि खाली अक्षरं सरकताहेत.

बीबीसीनं सकाळच्या बातम्यांचा असा कार्यक्रम १७ जानेवारी १९८३ ला सुरू केला. तेव्हा नाव होतं ‘ब्रेकफास्ट टाइम’. फ्रँक बॉ आणि सेलिना स्कॉट सोफ्यावर बसून बोलायचे, बॉ तर चक्क स्वेटर घालून. कोट-टाय घालून टेबलामागून बातम्या वाचायची सवय असलेल्या बीबीसीत हे नवीनच होतं. ‘ब्रेकफास्ट’ हे आजचं रूप २००० पासूनचं, आणि त्यातही लाल सोफा आहेच. २०१२ मध्ये कार्यक्रम लंडनहून आमच्या शेजारी सॅल्फर्डला आला. काही निवेदकांनी लंडन सोडलं नाही. बिल टर्नबुल मात्र आले.

टर्नबुल २००१ ते २०१६ अशी पंधरा वर्षं या सोफ्यावर होते. मधमाश्या पाळायचे, वायकम वाँडरर्स या छोट्या फुटबॉल क्लबवर जीव टाकायचे. युद्धाची बातमी असो की शाळेच्या गॅदरिंगची, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचे. सकाळी सहापासून ज्याला बघत आपण डबे भरतो, मुलांच्या वेण्या घालतो, तो माणूस घरातलाच होऊन जातो. आमच्याकडे ह्यांना बँकेतल्या साहेबाचं नाव आठवणार नाही, पण आज बिल सुट्टीवर आहे हे लगेच लक्षात यायचं.

मार्च २०१८ मध्ये टर्नबुल यांनी जाहीर केलं की आपल्याला प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर आहे आणि तो हाडांत पसरलाय. चार वर्षं डॉक्टरकडे फिरकलो नाही, याचा स्वतःवरच राग येतो, असंही ते बोलले. तोवर ते ‘ब्रेकफास्ट’ सोडून दोन वर्षं झाली होती. पण त्यानंतर आमच्या फोनवर जे सुरू झालं, ते मी स्वतः ऐकलंय. रिसेप्शनिस्टला कारण विचारावंच लागतं. पलीकडे साठीचा गृहस्थ. आधी खोकणार, मग गप्प, मग म्हणणार, ‘जरा खासगी आहे.’ मी म्हणायचे, हरकत नाही, थोडक्यात सांगा. मग एका दमात, ‘ते टीव्हीवरच्या बिलला झालंय ना, त्याची तपासणी करायचीय.’ आडनाव कुणी घेत नव्हतं. काही वेळा फोनवर बायकोच असायची आणि मागून नवऱ्याचं ‘कशाला, कशाला’ चाललेलं.

हा आमच्या एकट्या दवाखान्यातला अनुभव नव्हता. अभिनेते स्टीफन फ्राय यांनीही त्याच सुमारास आपला हाच आजार जाहीर केला होता. त्या वर्षी एप्रिल ते जुलैमध्ये इंग्लंडात मूत्रमार्ग व प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी वाढली, आणि आरोग्यसेवेचे तेव्हाचे प्रमुख सायमन स्टीव्हन्स यांनी त्याचं श्रेय उघडपणे या दोघांना दिलं. ३१ ऑगस्ट २०२२ ला टर्नबुल गेले, वयाच्या ६६ व्या वर्षी.

आमचे हे रात्रीतून तीनदा उठायचे आणि ‘वय झालं’ म्हणून विषय संपवायचे. आपल्या पुरुषांची हीच रीत. गुडघा दुखला तर साऱ्या गल्लीला सांगतील, लघवीचा त्रास बायकोलाही सांगणार नाहीत. मी इतकी वर्षं दवाखान्यात, पण माझं ऐकलं नाही. बिलचं ऐकलं. प्रोस्टेट नुसतीच वाढली होती, कॅन्सर नव्हता. आता रोज एक गोळी घेतात आणि शांत झोपतात.

त्याच सोफ्यावरच्या निवेदिका नागा मुंचेट्टी यांची आई भारतातली. नागा यांनी २०२३ मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितलं की गर्भाशयाच्या ‘अ‍ॅडिनोमायोसिस’ या आजारानं आपण वर्षानुवर्षं कळा सोसतोय, एकदा तर नवऱ्याला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. पाळीचं दुखणं अंगावर काढणाऱ्या आपल्याकडच्या किती बायकांना हे ऐकायला मिळायला हवं होतं!

मराठी वाहिन्या मी इथून बघते. सकाळी राशिभविष्य, मग कालच्याच भांडणाची पुन्हा फोडणी, आणि चेहरा ओळखीचा होतो न होतो तोच बदललेला. गुणी निवेदक आपल्याकडे आहेत, हे मी मनापासून म्हणते. त्यांना एका जागी दहा-पंधरा वर्षं बसू द्या. ओरडायला लावू नका. आठवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना शेजारी बसवा आणि जे घरात बोलत नाहीत ते त्यांना विचारा. लोकांचा विश्वास असा रोज थोडा थोडाच साठतो, आणि तो साठला की एका वाक्यानं माणसं दवाखान्यात येतात.

आपल्या वाचकांपैकी ज्या पुरुषांची पन्नाशी उलटली आहे, त्यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. काही त्रास नसला तरी विचारावं, कारण सुरुवातीला हा आजार बहुतेकदा काहीच लक्षणं दाखवत नाही. तपासणी अगदी अचूक नसते, म्हणून निकालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. आणि फोन करायचा संकोच वाटत असेल तर बायकोनं, मुलीनं केला तरी चालतो. आमच्याकडे पुष्कळ जण तसेच आले.

आपली,
एक नियमित वाचक
स्टॉकपोर्ट, इंग्लंड