सभासदांसाठी सूचना : रोमन नाण्यांसोबत मालकीची कागदपत्रे आणावीत
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या मासिक बैठकीत रोमन नाणी मांडू इच्छिणाऱ्यांनी खरेदीची पावती व पूर्वीच्या मालकीचा तपशील अवश्य आणावा.

या आग्रहामागे कारण आहे. सीझरच्या हत्येनंतर इ.स.पू. 42 च्या सुमारास मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेल्या नाण्याच्या एका बाजूस त्याची स्वतःची छबी, तर दुसऱ्या बाजूस दोन खंजीर, त्यांमध्ये दास्यमुक्तीची खूण असलेली टोपी आणि खाली हत्येची तिथी सांगणारी ‘ईद मार’ ही अक्षरे आहेत. सोन्यातील अशी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात आहेत; त्यांपैकी एक 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 32 लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले, परंतु मालकीचा इतिहास बनावट असल्याचे उघड झाल्यावर 2023 मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले.

नुसत्या जुनेपणाला बाजारात फारसे मोल नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील तांब्याची साधी नाणी आजही परवडतात.

तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई येथे सापडलेल्या रोमन नाण्यांच्या साठ्याप्रमाणे सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छेद दिलेले नाणे कोणाकडे असल्यास ते सदोष समजून घासू नये, कारण तो छेद हाच भारतातील वापराचा पुरावा असू शकतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरातन वस्तूविषयक कायद्यानुसार खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत, याचीही नोंद घ्यावी. कागदपत्रांविना आलेली नाणी मांडणीत घेतली जाणार नाहीत.