जपानला निघालेल्या मुलांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या ले-आउटमधले एक शेजारी गृहस्थ एक कागद घेऊन घरी आले. मुलाला आधी जपानच्या भाषाशाळेत आणि पुढे तिथल्याच विद्यापीठात पाठवायचं आहे. 'मुलगा महिन्याला लाख कमावतो, फी त्यातूनच निघते,' असं एका एजंटाने सांगितलेलं. त्यासाठी उमरेडकडची दोन एकर शेती विकायची बोलणी चालली होती. माझी मुलगी सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिकली, म्हणून ते मला विचारायला आले. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यांच्यापुढे मांडलेला हिशेब इथेही मांडते, कारण असा कागद हातात असलेली घरं नागपुरात आणखी असतील.

तो लाख येनचा आहे, रुपयांचा नाही. एक येन म्हणजे आपले साठेक पैसे. विद्यार्थ्याला तिथे काम करायला वेगळी परवानगी काढावी लागते आणि ती आठवड्याला २८ तासांचीच मिळते. फक्त मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांची मुभा. तासाला साधारण हजार येन धरले तर महिन्याचे १ लाख २० हजार येन, म्हणजे सत्तरेक हजार रुपये. त्यातच खोलीचं भाडं, वीज, गॅस, आरोग्य विमा, फोन, जेवण आणि सेंदाईसारख्या थंडीच्या गावात हीटरचं बिल. माझी मुलगी २०२२ साली गेली तेव्हा तिच्या विद्यापीठाची वर्षाची फी ५,३५,८०० येन होती, शिवाय प्रवेश घेताना एकदाच २,८२,००० येन. हे सरकारी विद्यापीठाचं; खासगी बहुतेक याहून महाग. २८ तासांपेक्षा जास्त काम केल्याचं उघड झालं तर व्हिसाची मुदतवाढ नाकारली जाऊ शकते. शेजाऱ्यांच्या कागदावर २८ हा आकडा कुठेच नव्हता. मी दोनदा वाचला.

आणि कामाला वेळ तरी कुठून आणायचा? मुलगी पदव्युत्तरला होती. प्रयोगशाळेत प्रत्येकाचं स्वतःचं टेबल. दर आठवड्याला 'झेमी', म्हणजे आपण काय केलं ते सगळ्यांपुढे मांडायचं आणि प्राध्यापकांच्या, 'सेनपाईं'च्या म्हणजे वरच्या वर्गातल्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. प्रबंध इंग्रजीत चालतो, पण टेबलाभोवतीच्या गप्पा जपानीत. पहिले चार महिने ती तिथे गप्प बसायची आणि तिच्या रात्री साडेअकराला, म्हणजे आपल्या आठ वाजता, फोनवर रडायची. आठवड्यातून बारा तास एका बेकरीत काम करायची, त्यात जेमतेम किराणा भागायचा. बाकी खर्च आम्ही माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून केला.

जेवणाचंही सांगते, कारण एजंट ते सांगत नाहीत. आम्ही शाकाहारी. कँटीनमधलं मिसो सूप दिसायला साधं, पण त्याचा 'दाशी' म्हणजे अर्क बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो. भाजीतही तोच. हे कळायला तिला दीड महिना लागला, आणि कळल्यावर ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग खोलीवर वरण-भात आणि मी पाठवलेलं भिवापुरी तिखट. सांबारवडी करायला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळाला की तो दिवस तिला सणाचा वाटायचा.

पण मी घाबरवायला लिहीत नाही. मुलीला जे मिळालं ते मी विसरू शकत नाही. राहायची जागा ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा असतो; विद्यापीठाने नेमून दिलेली एक जपानी विद्यार्थिनी अख्खा दिवस तिच्यासोबत फिरली. दुसऱ्या वर्षी तिची अर्धी फी माफ झाली, अर्ज विद्यापीठातच केला होता. याच विद्यापीठाने १९१३ साली तीन मुलींना प्रवेश दिला, जपानच्या विद्यापीठांत तो पहिलाच. मुलीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला माझी आजी आठवली, जिला चौथीतून काढलं होतं.

तिला सगळ्यात उपयोगी पडली ती इथून शिकून नेलेली थोडी जपानी. जवळपास सोयीचा वर्ग मिळाला नाही, म्हणून ती ऑनलाइन शिकली आणि एन-४ ही जपानीची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा द्यायला रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्याला गेली. जपानहून आलेले बौद्ध भिक्खू भदंत सुरेई ससाई यांना नागपूर आपलं मानतं. जवळच्या कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार जपानी मदतीतून उभं राहिलं. अशा शहरातल्या महाविद्यालयांनी जपानीचे माफक फीचे वर्ग चालवावेत, एवढी माझी मागणी आहे. जपान सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी वकिलातीमार्फत अर्ज करता येतो, मध्ये एजंट लागत नाही, निवड झाल्यास फी आणि मासिक भत्ता दोन्ही मिळतात, हेही महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लागावं.

शेजाऱ्यांनी शेतीचा व्यवहार तूर्त थांबवला आहे. मुलगा कालपासून हिरागाना, म्हणजे जपानी मुळाक्षरं, गिरवतो आहे. संध्याकाळी वही दाखवायला येतो आणि व्हिडिओ कॉलवर माझी मुलगी ती तपासते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
नरेंद्रनगर, नागपूर