बाजूला व्हा म्हणणं सोपं आहे

मा. संपादक,
स. न.

मुलं बारावी झाली की पालकांनी त्यांच्या कॉलेजच्या निर्णयांतून बाजूला व्हावं, असं सांगणारा एका समुपदेशकांचा लेख काल आपल्याकडे वाचला. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी कामावर जायच्या आधी हे लिहायला बसले आहे. लेखकांचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. पण त्यांचा सल्ला मी अक्षरशः पाळलेला आहे आणि तो माझ्या मुलीला महागात पडला आहे.

मी १९९४ साली बारावी झाले. मला बी.कॉम. करून सीएच्या परीक्षांना बसायचं होतं. वडिलांनी डी.एड.चा अर्ज आणला, स्वतःच भरला आणि सहीपुरता माझ्यासमोर ठेवला. ‘मुलीला शिक्षिकेची नोकरी बरी’, एवढंच बोलणं झालं. ती नोकरी काही लागली नाही; आज मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वडिलांवर माझा राग नाही, त्यांना जेवढं दिसत होतं त्यातून त्यांनी निवडलं. पण आपल्या लेकरांच्या बाबतीत असं करायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं.

म्हणून २०२३ साली मुलीला सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, ९३ पर्सेंटाइल मिळाले तेव्हा मी म्हटलं, ‘तुझं तू ठरव, मी मध्ये पडणार नाही.’ तिला पुण्यात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) करायचं होतं. ती मैत्रिणीबरोबर नेट कॅफेत गेली आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरून आली. मी तो बघितलासुद्धा नाही. बघितला तर दबाव येईल, असं मला वाटलं.

कॅफेतल्या माणसाने तिला सांगितलं होतं की खात्रीचं कॉलेज वर टाक, म्हणजे नंबर हमखास लागतो. तिने आमच्या जवळचं एक खासगी कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि पुण्याची तिच्या मनातली कॉलेजं त्याखाली. पहिल्याच फेरीत ते जवळचं कॉलेज मिळालं. पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे कायम, होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. त्या फेरीचा कटऑफ जाहीर झाला तेव्हा कळलं की तिने चौथ्या क्रमांकावर टाकलेल्या पुण्याच्या कॉलेजात ईएनटीसी तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलला गेलं होतं. ते कॉलेज वर असतं तर तिला तिथे जागा मिळाली असती. ती रडली नाही. ‘आई, तू एकदा बघायला हवं होतंस’, एवढंच म्हणाली. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

यातली चूक एवढी साधी आहे की मी कॅशियर असून मला ती दहा मिनिटांत कळली असती. यंत्रणा गुणवत्तेच्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली वाचत जाते. जिथे जागा दिसेल तिथे थांबते, त्याखालचं काही बघत नाही. म्हणजे मनातलं कॉलेज वर टाकल्याने काहीच गमवावं लागत नाही. ते नाही मिळालं तर यंत्रणा खाली उतरतेच. खात्रीचं कॉलेज वर टाकलं की मात्र वाट तिथेच संपते. २०२५च्या प्रवेशापासून तर दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी काहीही मिळालं तरी जागा फ्रीज होते. आता क्रमाला आणखीच महत्त्व आलं. लेखक महोदय, हे सतराव्या वर्षी एकट्या मुलाला कोण समजावून सांगणार? कॅफेवाला?

आणि व्यवस्था तरी आम्हाला बाजूला कुठे होऊ देते? उत्पन्नाचा दाखला आमच्या नावाचा, नॉन-क्रीमी लेयरसाठी तहसीलला खेटे आमचे, कर्जाच्या कागदावर सह्या आमच्या. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. हा हिशेब घरात मांडायचा नाही तर कुठे? साध्या बी.ए., बी.एस्सी.लासुद्धा आता मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) आलं आहे. माझ्या शेजारणीच्या मुलाने मायनर विषय निवडला तो मित्राने घेतला म्हणून. पुढे एम.एस्सी.ला कुठे जायचं हे त्यावरही ठरू शकतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मुलाचा लॉगिन पासवर्ड स्वतःकडे ठेवून त्याला न सांगता रात्रीतून पसंतीक्रम बदलणारे वडील मी आमच्याच गल्लीत पाहिले आहेत. ते चूकच आहे, आणि लेखकांनी त्यांना सुनावलं ते बरं केलं. पण शेजारी बसून नियम वाचणं आणि मुलाच्या हातातला माऊस काढून घेणं या दोन गोष्टी त्यांनी एकाच तागडीत घातल्या. कॉलेज, शाखा, गाव हे सगळं त्याने ठरवावं. माहितीपुस्तिका मात्र दोघांनी मिळून, बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचावी.

एक तक्रार आपल्या दैनिकाबद्दलही आहे. जूनमध्ये शिक्षणाच्या पानावर क्लासेसच्या अर्ध्या पानाच्या जाहिराती आणि गुणवंतांचे फोटो असतात. ऑप्शन फॉर्म भरायच्या तारखा गेल्या वर्षी आतल्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात, चार ओळींत आल्या होत्या. माझा धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे. यंदा फेऱ्या सुरू व्हायच्या आधी फ्रीज म्हणजे काय, बेटरमेंट म्हणजे काय, यादी कशी वाचली जाते, हे साध्या मराठीत, उदाहरण देऊन, मोठ्या अक्षरात छापाल का? मी ते कात्रण आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर लावीन. तिथे रोज पन्नासेक पालक येतात आणि त्यातले निम्मे तरी शैक्षणिक कर्जाची चौकशी करतात.

आपली,
एक आई, बार्शी (जि. सोलापूर)