गोळ्या मोजता, तशी आठवणही तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझा मोठा भाऊ ५८ वर्षांचा आहे. लालबागच्या एका धान्याच्या दुकानात त्याने २५ वर्षं हिशेब सांभाळला. सात-आठ जिनसांची बेरीज तोंडी करायचा, पैशाची चूक नाही. आता दूध आणायला गेला की परत आलेले सुटे पैसे तीनदा मोजतो आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा येतो.

दादाला एचआयव्ही आहे. २००७पासून तो सरकारी एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं देणाऱ्या केंद्रातून, मोफत गोळ्या घेतो. त्या गोळ्यांमुळेच तो आज आमच्यात आहे, हे आधी सांगते.

गेल्या वर्षी एका केंद्रात समुपदेशक बाईंनी त्याची डबी टेबलावर उपडी केली. महिनाअखेर एखाद-दुसरी गोळी उरायची, तिथे ११ निघाल्या. "काका, असं कराल तर औषध लागू पडायचं नाही. जगायचंय ना तुम्हाला?" दादा मान खाली घालून म्हणाला, "रोज घेतो हो मी." तो खोटं बोलत नव्हता. गोळी घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारायची, अशी सवय मी त्याला लावली होती. घरी येऊन भिंतीकडे पाहिलं, तर पुढच्या आठवड्याच्या चौकोनांवरही फुल्या होत्या. केंद्रातल्या कागदावर मात्र तो 'अनियमित' ठरला.

एचआयव्हीचा विषाणू संसर्गानंतर काही आठवड्यांतच मेंदूत पोचतो, हे मला फार उशिरा कळलं. चेतापेशींमध्ये तो सहसा शिरत नाही. भोवतालच्या संरक्षक पेशींमध्ये ठाण मांडतो, तिथे दाह धुमसत राहतो आणि त्यात चेतापेशी झिजतात. माणूस आधी मंदावतो. उत्तर द्यायला वेळ लागतो, बोलता बोलता मुद्दा सुटतो, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. एआरटी आल्यापासून तीव्र स्मृतिभ्रंश खूप कमी झाला, पण सौम्य घसरण रक्तातला विषाणू दबलेल्यांतही दिसते. उपचारांपूर्वी ज्यांचा सीडी-४, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, फार खाली गेला होता, त्यांना धोका जास्त. दादाचा तेव्हा ८४ होता. मेंदू जपायचा तर गोळी चुकता कामा नये, आणि गोळी चुकू नये म्हणून मेंदूच शाबूत लागतो. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला आपण रागावतो.

हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. २००५मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. चार शब्द लक्षात ठेवायला सांगतात. मग ५ सेकंद अंगठा आणि तर्जनी जमेल तितक्या वेगाने उघड-मिट करायची. नंतर मूठ, तळवा, हाताची कड, या क्रमाने टेबलावर हात ठेवत जायचं. शेवटी ते चार शब्द सांगायचे. १२पैकी १० किंवा कमी गुण आले, तर पुढची तपासणी. दोन-तीन मिनिटांचं काम, लिहिता-वाचता येण्याचीही गरज नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे, आणि अगदी सौम्य त्रास तिच्यातून निसटूही शकतो. पण आम्हाला केंद्रात ती चाळणीसुद्धा लावलेली दिसली नाही. दीड वर्ष दारोदार फिरल्यावर एका डॉक्टरांनी ही चाचणी केली. दादाला ७ गुण मिळाले. पुढच्या तपासण्यांत बी-१२ही फार कमी निघालं, इंजेक्शनांनी थोडा फरक पडला. थायरॉइड, नैराश्य, सिफिलिस, मेंदूचा टीबी, यातलं काहीही अशा विसराळूपणामागे असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून तर वेळेवर शोधायला हवं.

२००४च्या एप्रिलमध्ये मोफत एआरटी सुरू झाली, त्यात आपलं जे. जे. रुग्णालय पहिल्या मोजक्या केंद्रांपैकी होतं. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेली माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. हा प्रश्न माझ्या एका घराचा राहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यात येत नाही. गेल्या गणपतीत आरती झाल्यावर चाळीच्या गॅलरीत दादा चार जणींसमोर सहज बोलून गेला, "मला एचआयव्ही आहे ना, म्हणून गोळी रात्री घ्यायची." आम्ही इतकी वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट. ती लपवायची आहे, हेच तो विसरला होता. दुसऱ्या दिवसापासून शेजारची मुलं कॅरम खेळायला यायची बंद झाली. तो अजून संध्याकाळी बोर्ड मांडून बसतो. २०१७च्या कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवायचं बंधन इतरांवर घातलं आहे. पण स्वतःचं गुपित ज्याच्या लक्षातच राहत नाही, त्याला सांभाळायचं कसं, हे आम्हा घरच्यांना कुणीतरी बसवून सांगायला हवं.

नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, केंद्र सरकारची, मुंबईसाठी एड्स नियंत्रण संस्था वेगळी, हे मी जाणते. तरी आपण शब्द टाकलात तर काम हलेल. मुंबईतल्या प्रत्येक एआरटी केंद्रात वर्षातून एकदा ही चाचणी व्हावी, समुपदेशकांना ती शिकवावी. गोळ्या उरल्या तर रागावण्याआधी आठवण तपासावी. गुण कमी आले तर मेंदूविकार विभागाची चिठ्ठी तिथेच मिळावी आणि अशा रुग्णाच्या घरच्या एका माणसाला गोळ्यांच्या कामात रीतसर सामील करून घ्यावं.

दादाची पुढची तारीख १४ आहे. सकाळी आठपासून आम्ही रांगेत असू.

आपली,
एक बहीण
लालबाग, मुंबई