ओझरच्या काकांना, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर एवढं लांबलचक वाचणार नाही हे माहितीये, म्हणून ताईला सांगितलंय की मोठ्याने वाचून दाखव.

बातमी अशी की माझ्या सहीने पहिला स्ट्रेस रिपोर्ट, म्हणजे विमानाचा भाग भार सोसेल का याचा हिशोब, बाहेर गेला. आपल्याकडे डिझाईन इंजिनीअरला सरकारी लायसन्स वगैरे नसतं, डिग्री झाली की झालात इंजिनीअर, पण "चेक्ड बाय"च्या रकान्यात नाव यायला वर्षं घासावी लागतात.

बारावीनंतर तो अ‍ॅडमिशनवाला घरी येऊन बाबांना पटवत होता, एएमई (विमानाचा मेंटेनन्स इंजिनीअर) काय न एरोनॉटिकल इंजिनीअर काय, एकच हो, अ‍ॅडव्हान्स भरून टाका. तुम्ही चहा पिता पिता विचारलंत, "पोराला विमान तपासून उडायला सोडायचंय का नवीन विमान डिझाईन करायचंय?" मग तुम्हीच फोड करून सांगितलीत, एएमईला डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं, त्याच्या सहीशिवाय मेंटेनन्सनंतर विमान हलत नाही, लय जबाबदारीचं काम, पण डिझाईनला जायचं तर बीटेक कर आणि पुढे गेट, म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, दे. बाबांनी पैसे भरलेच नाहीत. गेटचं काय सांगू, 65 प्रश्न, 100 मार्क, तीन तास आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा, माऊसने टकटक करत बसायचं.

पण खरं थँक्यू त्या पत्र्यासाठी. भंगारातला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन तुम्ही एक भोक कडेपासून रिवेटच्या दोन डायमीटर आत मारलंत, दुसरं मुद्दाम अगदी कडेला, रिवेट ठोकले आणि म्हणालात ओढ आता, कडेचा रिवेट पत्रा फाडून सरळ बाहेर आला न आतला जागचा हलला नाही. इंटरव्ह्यूला हेच विचारलं की काका! बाकीची पोरं फॉर्म्युला लिहीत होती, मी तो पत्रा कसा फाटला तेच सांगितलं.

कॉलेजात सेफ्टी फॅक्टर 1.5, म्हणजे जास्तीत जास्त येईल त्या भाराच्या दीडपट सोसायची ताकद, हा एक आकडा होता फक्त. आता रोज कळतं की जास्त घ्यायची सोयच नाही, वजन वाढतं, म्हणून प्रत्येक भोकाचा हिशोब द्यावा लागतो. कुठे किती ताण येतो ते सॉफ्टवेअर लाल-हिरव्या रंगांत दाखवतं, पण ड्रॉइंग आलं की माझी नजर आधी कडेच्या भोकांवर जाते, ही सवय तुमची.

आणि हो, मामाच्या पोराची यंदा बारावी झालीये, त्यालाही कोणीतरी तेच "एकच असतं हो" ऐकवलंय. रविवारी पाठवतोय तुमच्याकडे, पत्रा शिल्लक असेल तर काढून ठेवा.