जुन्या गाड्यांचे टायमिंग घरीच तपासावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्या जिवापाड जपणारी मंडळी नाशिकमध्ये आजही आहेत. मात्र या गाड्यांचे टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी हे, बरेचदा केवळ आवाजावरून लावले जाते. अनुभवी मेकॅनिकच्या कानाबद्दल मला आदर आहे. तरीही जागेवर गोड चालणारे इंजिन भरल्या गाडीनिशी कसारा घाट चढताना नॉकिंग (ठोक्यांसारखा आवाज) करणार नाही, याची हमी कान देऊ शकत नाही. टायमिंग फार पुढे गेले, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टनला मार बसतो. मागे पडले तर पिकअप जातो, इंजिन तापते आणि पेट्रोल वाया जाते.

म्हणून अशा गाडीच्या मालकाने टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, घरी ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तो 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर न काढता तिच्यावर नुसता चिमटा लावता येईल असा असावा. जुन्या निऑन दिव्याचा उजेड दिवसा पुरत नाही, झेनॉनचा पुरतो. इंजिनाच्या मुख्य पुलीजवळ ठिणगीची वेळ दाखवणारी अंशांची पट्टी असेल, तर डायलच्या महाग लाइटवर खर्च करण्याचे कारण नाही. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे तेथे हा लाइट चालत नाही.

आधी डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातील) पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा, गॅप नीट करावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलते. पुलीवरील खूण पुसून तिच्यावर पांढरा रंग लावावा आणि मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास डिस्ट्रिब्युटरला जोडलेला व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे. मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी जागेवर चालू असताना) लाइट दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे 400 वेळा चमकतो आणि धावती पुली जागच्या जागी थबकल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट किंचित सैल करून डिस्ट्रिब्युटर अगदी थोडा फिरवला, की खूण सरकताना स्पष्ट दिसते; ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावर आणावी. बोल्ट आवळताना टायमिंग हलू शकते, त्यामुळे ते पुन्हा पाहावे. मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. खूण पुढे सरकली नाही, तर डिस्ट्रिब्युटरमधील अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढताना ठिणगी लवकर पाडणारी) वजने अडकली आहेत का, हे तपासावे. हा दोष नुसत्या आवाजावरून सहजासहजी हाती लागत नाही.

या उजेडात फिरता पंखाही स्थिर भासू शकतो, म्हणून ओढणी, सैल बाही आणि वायरी त्यापासून दूर ठेवाव्यात. बंद गॅरेजमध्ये इंजिन मुळीच चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सातपूरच्या आयटीआयसारख्या संस्थांनी एखाद्या रविवारी गाडीमालकांना याचे प्रात्यक्षिक दाखवावे आणि आपल्या दैनिकाने त्यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक