राउटर नवा दिला, वायर मात्र कोणी बघितलीच नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहते, घरी बसून पाच-सहा दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटीची कामं बघते. म्हणजे महिन्याची ११ आणि २० तारीख, जीएसटीचे रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, आली की माझ्यासाठी नेट म्हणजे वीज-पाण्यासारखंच, आणि नेमकं तेव्हाच गेले दोन महिने आमचं नेट दर अर्ध्या तासाने जायचं. ओटीपी टाकला, पेज फिरतंय फिरतंय आणि गेलं, परत लॉगिन, परत ओटीपी. एकदा तर एका दुकानदाराचा रिटर्न त्यामुळे राहिला आणि त्याला लेट फी भरावी लागली, ती मी माझ्या खिशातून दिली कारण त्याची काय चूक.

कॉल सेंटरला किती वेळा फोन केला मोजलं नाही. दर वेळी एकच, मॅडम राउटर बंद करून चालू करा. घरी तीन वेगवेगळी मुलं येऊन गेली, पहिला म्हणाला भिंती जाड आहेत, दुसऱ्याने वायफायचं चॅनल बदललं, तिसऱ्याने राउटरच नवा लावून दिला, आणि प्रत्येकाने जाताना माझ्याकडून ओटीपी घेऊन तक्रार बंद केली. संध्याकाळी नेट पुन्हा गायब. त्या मुलांवर माझा राग नाही, दिवसाला इतक्या तक्रारी उरकायच्या म्हटल्यावर ते तरी काय करणार. पण आमच्याकडे फायबरचा डबा हॉलमध्ये आहे आणि तिथून एक लॅनची, म्हणजे नेट पुढे नेणारी, वायर बाल्कनीच्या दारातून मागच्या खोलीतल्या राउटरपर्यंत जाते, ती वायर या तिघांपैकी एकानेही हातात घेतली नाही.

शेवटी माझ्या दिराचा एक मित्र आला, सातपूरला सीसीटीव्हीचं काम करतो. त्याने आधी लॅपटॉप सरळ हॉलमधल्या डब्याला वायरने जोडला, स्पीड १९० एमबीपीएसच्या वर. मागच्या राउटरला तीच वायर लावली तर ९४. आमचा प्लॅन २०० चा आहे, म्हणजे जवळजवळ अर्धा स्पीड आमच्याच घरात, त्या मधल्या पंधरा-वीस फुटात मरत होता! मग त्याने वायरच्या दोन्ही टोकांना छोटा टेस्टर लावला, त्यावर १ ते ८ असे दिवे एकामागोमाग पेटतात कारण आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. ७ आणि ८ चा दिवा पेटलाच नाही, आणि वायर जरा हलवली की २ चा दिवा जायचा. बाल्कनीचं सरकतं दार रोज त्याच वायरवरून जात होतं, तिथे ती चपटी झाली होती, वरचं निळं कव्हर सोललं तर आत तपकिरी तारा तुटलेल्या आणि नारिंगी नुसती टेकलेली, ती सुटली की नेट जायचं.

त्याने समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. चारही जोड्या शाबूत असतील तरच १००० चा वेग मिळतो, दोनच राहिल्या तर कनेक्शन मुकाट्याने १०० वर येतं आणि प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर जात नाही, कुठे काही एरर दिसत नाही की लाल दिवा लागत नाही. म्हणून तुमचा प्लॅन मोठा असेल आणि स्पीड टेस्ट रोज ९४ लाच अडत असेल तर आधी वायर बघा, वायफायच्या मागे लागू नका. दुसरं म्हणजे नेट गेल्यावर मोबाइलमध्ये राउटरच्या मागे छापलेला पत्ता टाकून बघायचा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. ते पान उघडलं तर वायफाय ठीक आहे, बिघाड पुढे आहे. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला तर फायबरमधून प्रकाशाचा सिग्नल बाहेरूनच येत नाही, तिथे शंभर वेळा रिस्टार्ट करून उपयोग नाही, लाइनमनच लागतो. पावसाळ्यात झाडाची फांदी पडली की आमच्या गल्लीत हेच होतं.

वायर बदलली, दाराऐवजी वरून खिळ्यांनी नेली, अडीचशे रुपयांत काम झालं. त्या दिवसापासून नेट एकदाही गेलं नाही.

आता माझी विनंती आहे ती नाशिकमध्ये नेट देणाऱ्या सगळ्याच कंपन्यांना. घरी माणूस पाठवता तर त्याच्या बॅगेत तो टेस्टर द्या, फार महाग वस्तू नाही ती, आणि तक्रार बंद करायच्या आधी डब्याला आणि राउटरला, दोन्हीकडे वायरने लॅपटॉप जोडून ग्राहकासमोर स्पीड दाखवा, मगच ओटीपी मागा. आणि वाचकांनीही काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नये, तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक, लिहून घ्यावा, कारण ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्रात दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं आणि तिथे तो नंबर विचारतात. मला हे कळलं तेव्हा माझ्या तिन्ही तक्रारी 'निवारण झाले' म्हणून बंद झालेल्या होत्या.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक